धन्यावाचून राहिलेला वाडा



आजच्या व्याख्यानाचा विषय पुण्याचा विश्रामबागवाडा आहे, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. नेर-परसोपंतात बसून पुण्याच्या वाड्याची चौकशी कशाला? आमच्या वऱ्हाडात काय वाडे नाहीत? आहेत, देशमुखांचे आहेत, पाटलांचे आहेत, पांढरीच्या टेकाडावर उभ्या असलेल्या मातीच्या गढ्या आहेत. परंतु त्यांचा इतिहास बहुतेक घरच्या पेटीत, नाही तर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. विश्रामबागवाड्याची गोष्ट वेगळी. तो कोणी बांधला, कशाच्या पैशाने बांधला, त्यात पुढे कोण कोण राहिले, कोणी त्याला आग लावली आणि कोणी तो सावरला, हे सारे दोनशे वर्षांपर्यंत सलग सांगता येते. एका घराचे आयुष्य असे आरंभापासून पाहावयास मिळाले, म्हणजे दुसऱ्या घरांविषयी विचार करणे सोपे जाते. म्हणून हा विषय घेतला.

आणखीही एक कारण आहे, ते सालाचे. विश्रामबागेचे काम दुसऱ्या बाजीरावाने १८०३ साली सुरू केले. त्याच १८०३ साली वऱ्हाडात काय चालले होते? नोव्हेंबरच्या २९ तारखेला अडगावची लढाई झाली, डिसेंबरच्या १५ तारखेला गाविलगड पडला, आणि दोन दिवसांनी देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला. म्हणजे भोसले आणि निजाम यांची वऱ्हाडावरील दुअमली ज्या वर्षी संपली, आपले नेर ज्या वर्षी एका धन्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले, त्याच वर्षी पुण्याचा पेशवा आपल्या विश्रामासाठी बाग आणि वाडा उठवीत होता. एका राज्याच्या अखेरीची ही दोन टोके आहेत. एक टोक आपल्या अंगणात आहे, म्हणून दुसरे पाहावयास हरकत नसावी.

वाडा म्हणजे काय, हे आधी थोडे पाहू. आपण 'वाडा' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे जाड भिंती येतात. परंतु मराठी वाड्याचा भार भिंतींवर नसतो, तो लाकडावर असतो. दगडी जोते, जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्याशी दोन्ही बाजूंस आधार देणारे हात, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट अथवा किलचन आणि त्यावर माती: हा सांगाडा आधी उभा राहतो. भिंती मग मधल्या जागा भरून काढतात. खाली दगड, वर भाजलेली अथवा कच्ची वीट, चुना किंवा चिखल. भिंतीचे काम ऊन, वारा आणि चोर यांना अडविण्याचे. छप्पर पेलण्याचे काम खांबांचे.

म्हणून वाड्याचे माप भिंतीने होत नाही, खणाने होते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. पाच खणांची ओसरी, सात खणांचा दिवाणखाना, अशी जुनी भाषा आहे. सुताराला लांबीरुंदी सांगावी लागत नसे. किती खणी घर बांधावयाचे एवढे सांगितले की कोणत्या लाकडाचे किती नग लागतील, याचा हिशेब तो जागेवरच करी. या बांधणीत एक मोठी सोय आहे. कुटुंब वाढले की शेजारी खण वाढवावयाचे. त्याहून वाढले की मागे दुसरा चौक काढावयाचा. चौक म्हणजे घराच्या मध्यावर आकाशाला ठेवलेली खिडकी. उजेड तेथून, वारा तेथून, पावसाचे पाणी तेथे. बाहेरच्या भिंतीला खिडक्या थोड्या आणि उंचावर, कारण बाहेरच्या जगावर फारसा विश्वास नाही. पहिल्या चौकात परका माणूस येणार, दुसऱ्यात घरचा, तिसऱ्यात बायकामाणसे, न्हाणी आणि गोठा. दरवाजा मोठा, परंतु त्याच्या पोटात दिंडी लहान. राजा असो की वसुलीचा शिपाई, आत शिरताना मान लववूनच यावयाचे.

आपल्याकडेही हेच आहे, नावे तेवढी निराळी. तिकडे देवडी, इकडे ढेलज. तिकडे पडवी, इकडे सपरी. तिकडे माळवद, इकडे धाबे. तिकडे कौले, इकडे कवेलू. दाणे साठविण्याची भिंतीतली बळदे आणि जमिनीतली पेवे ही जुन्या घरांत अजून दिसतात. फरक आहे तो मातीचा. पुण्यास थोडे खणले की मुरूम अथवा खडक लागतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर घर धरत नाही. म्हणून जुन्या लोकांनी काळी शेताला दिली आणि घरे पांढरीवर नेली. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो ते उगीच नव्हे.

आता विश्रामबागेकडे वळू. बाजीरावाची त्या वेळची स्थिती आठवा. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. पेशवा पुणे सोडून पळाला, वसईस गेला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून त्यांची फौज पदरी बाळगण्याचे त्याने मान्य केले. १३ मे १८०३ रोजी इंग्रजी बंदोबस्तात तो पुन्हा पुण्यात गादीवर बसला. शहर लुटीने नागवले होते. त्यावर १८०३–०४ चा दुष्काळ आला. अशा वेळी ज्या पुरुषाने राज्याची घडी बसवावयाची, तो वाडे बांधीत होता. शुक्रवारवाडा त्याच सुमाराचा, विश्रामबाग त्याच वर्षी आरंभलेली, आणि पुढे बुधवारवाडा.

मनसाराम लक्ष्मण आणि दाजी सुतार यांनी विश्रामबागेचे काम केले, आणि १८०७ च्या सुमारास ते पुरे झाले. खर्च दोन लाख रुपये. या आकड्याचा अर्थ कळण्यासाठी दुसरा आकडा शेजारी ठेवतो. थोरल्या बाजीरावाने १७३० साली शनिवारवाड्याची पायाभरणी केली, १७३२ साली वास्तुशांत झाली, आणि त्या पहिल्या बांधकामास सोळा हजार एकशे दहा रुपये लागले. रुपयाची किंमत मधल्या पाऊणशे वर्षांत उतरली होती, आणि शनिवारवाड्यातही पुढे पुष्कळ भर पडली, हे धरले तरी दोन्हींत केवढे अंतर आहे! थोरल्या बाजीरावाचे घर सोळा हजारांचे, आणि त्याची घोडी नर्मदेपलीकडे. नातवाचे घर दोन लाखांचे, आणि दाराशी इंग्रजी पलटण.

परंतु घर सुंदर आहे, हे कबूल केले पाहिजे. तीन चौकांचा वाडा. दर्शनी बाजूस वरच्या मजल्यावर कोरीव लाकडी सज्जा, आणि त्यावर मेघडंबरी. रस्त्यावरून जाणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी असा तो सज्जा आहे. आत दिवाणखान्यात सुरूदार खांबांच्या रांगा आहेत. सुरूचे झाड जसे खाली भरदार असून वर निमुळते होत जाते, तसा हा खांब. बुडाशी पाकळ्या, माथ्याशी पानांचा गुच्छ. ही तऱ्हा उत्तरेकडील मोगली इमारतींतून आली आणि आमच्या सुतारांनी ती सागवानात आपलीशी केली. खांबाखांबांमध्ये पाकळीदार महिरपी आहेत. पाहणाऱ्यास वाटते, छत या महिरपींनी उचलून धरले आहे. तसे नाही. छत धरले आहे वरच्या तुळईने. महिरप ही केवळ शोभेची, दोन खांबांमध्ये बसविलेली. उत्तरेत दगडी कमान खरोखर वजन उचलते. येथे तिचे चित्र तेवढे घेतले, आणि वजनाचा भाग आपल्या जुन्या खांब-तुळईकडेच ठेवला. महिरपीच्या मध्यावरून खाली लोंबणारे केळफूल मात्र अस्सल आपल्या परसातले आहे.

या कामाकडे पाहताना मला नेहमी त्या सुतारांची आठवण होते. बखरींत पेशव्यांच्या पंगतींची वर्णने पानेच्या पाने आहेत. दाजी सुताराला मात्र एका नावापलीकडे जागा नाही. पण आज बाजीरावाच्या राजकारणातले काय उरले आहे? दाजीच्या हातचे जे जे पुढच्या संकटांतून वाचले, ते अजून वजन उचलून उभे आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. अशा पेशव्याचे, अशा काळात, अशा पैशाने बांधलेले घर आपण जपावे तरी कशासाठी? मोडकळीस आलेल्या वाड्याकडे बोट दाखवून, 'हे चैनीचे थडगे आहे, पडू द्या,' असे म्हणणारे प्रामाणिक लोक मी पाहिले आहेत. विश्रामबाग बाजीरावाचीच राहिली असती तर मला त्यांस उत्तर देणे जड गेले असते. पण ती त्याच्याकडे राहिली किती? दहा-अकरा वर्षे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव शरण जाऊन पुढे ब्रह्मावर्तास गेला तो कायमचा. वाड्याचे त्यानंतरचे आयुष्य दोनशे वर्षांहून अधिक आहे. मालकाची दहा वर्षे आणि लोकांची दोनशे, असा हा हिशेब आहे.

पेशवे श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. त्या रकमेचे काय करावयाचे, हा प्रश्न नव्या सरकारपुढे आला. एलफिन्स्टन धोरणी होता. लोकांचे मन एकाएकी दुखवावयाचे नाही, असे त्याने ठरविले होते. त्याच्या विचाराने, आणि पुढे दक्षिणेचा कमिशनर झालेल्या चॅप्लिनच्या कारकिर्दीत, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली; दक्षिणेच्या पैशातील काही भाग तिला लावून दिला. जेथे नाचगाणी होत तेथे न्याय, व्याकरण, अलंकार आणि वैद्यक यांचे पाठ सुरू झाले. विद्यार्थी अर्थातच ब्राह्मणांचे मुलगे. पण वाड्याचा दिंडीदरवाजा एका घराण्याऐवजी विद्येसाठी उघडला, ही पहिली पायरी होय.

पुढे मेजर टॉमस कँडी या पाठशाळेवर आले. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या कामात ज्यांचा हात होता तेच हे कँडी. तो कोश १८३१ मध्ये प्रथम निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. आज आपण मराठी लिहिताना जी विरामचिन्हे घालतो, ती रूढ करण्याचे श्रेयही पुष्कळसे कँडी यांसच देतात. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. १८५१ साली ही संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' झाले. त्याच १८५१ च्या जानेवारीत तिकडे ब्रह्मावर्तास बाजीरावाचे देहावसान झाले. त्याच्या वाड्यात आता इंग्रजी आणि संस्कृत शेजारी शेजारी शिकविली जात होती. या कॉलेजाचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि ते येरवड्याच्या बाजूस आपल्या नव्या इमारतीत गेले.

परंतु विश्रामबागेच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस कोणता, असे मला विचाराल तर मी १६ नोव्हेंबर १८५२ हा सांगेन. या दिवशी याच वाड्यात जोतीराव फुले यांचा, मुलींसाठी शाळा काढल्याबद्दल, सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन सत्कार झाला. जोतीरावांचे वय तेव्हा फार तर पंचवीस वर्षांचे. चारच वर्षांपूर्वी, १८४८ साली, बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली होती. शेण, दगड आणि शिव्याशाप हा त्यांचा रोजचा प्रसाद होता. पेशव्यांच्या कुलस्त्रिया ज्या घरात चिकांच्या पडद्याआड वावरल्या, त्याच घरात पंचेचाळीस वर्षांनी, मुलींना अक्षर शिकविले म्हणून एका माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर शाल पडली. समारंभाला शहरातले प्रतिष्ठित लोक जमले होते. कित्येकांना तो प्रकार रुचलाही नसेल. पण तो घडला, आणि तेथेच घडला.

मघाचा आक्षेप घेणाऱ्यांना माझे उत्तर हे आहे. वाडा पाडला म्हणजे केवळ बाजीराव जात नाही, त्याच्याबरोबर ते १६ नोव्हेंबरही जाते. आणि याला दाखला आहे. भिड्यांचा वाडा, जेथे ती शाळा प्रत्यक्ष भरली, तो कोर्टकज्जांत आणि दुर्लक्षात जीर्ण होत होत अगदी खिळखिळा झाला. राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये त्याचे उरलेसुरले अवशेष पाडावे लागले. स्मारक होईल, चांगलेही होईल. परंतु सावित्रीबाई ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या तो उंबरा त्यात असणार नाही. सत्कार झाला ते घर उभे आहे, काम झाले ते घर गेले.

आता आगीचे प्रकरण. सागवानाच्या घराचा खरा वैरी आग. बाजीरावाच्या शहरातल्या वाड्यांची गत पाहा: शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला. शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये पेटला आणि आग कित्येक दिवस धुमसत होती. आज तेथे तटबंदी, दरवाजे आणि जोती तेवढी आहेत. राहिले बुधवारवाडा आणि विश्रामबाग. १३ मे १८७९ च्या रात्री या दोन्हींना एकदमच आग लागली. लागली नव्हे, लावली गेली. तारीख ध्यानात घ्या: बाजीराव इंग्रजांच्या आधाराने पुण्यात परत आला तोही १३ मे. योगायोगच, पण इतिहासाच्या अभ्यासकाला असे योगायोग जरा चटका लावून जातात.

ते वर्ष मोठे धामधुमीचे होते. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड चालू होते, सरकार सगळ्यांकडे संशयाने पाहत होते. आज आपण ज्या प्रकारच्या व्याख्यानमालेत बसलो आहोत तिचा आरंभ १८७५ साली पुण्यास ज्यांनी केला, त्या न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्यावरही सरकारची वक्रदृष्टी वळली. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यास आलेल्या माधवरावांची याच सुमारास एकाएकी धुळ्यास बदली झाली, आणि तेथे त्यांच्या टपालावर पाळत असे, हे रमाबाईंच्या आठवणींवरून कळते. पुढे आग लावणारा सापडला तो रानडे आडनावाचाच, परंतु न्यायमूर्तींशी काही संबंध नसलेला भलताच इसम. आडनावाच्या सारखेपणानेही माणूस कसा अडचणीत येतो पाहा!

बुधवारवाडा त्या रात्री समूळ गेला. विश्रामबागेचा दर्शनी भाग जळाला, पण सगळा वाडा गेला नाही. आणि मग जे झाले ते मला फार मोलाचे वाटते. पुणेकरांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने हातभार लावला, आणि जळालेला भाग पुन्हा उभा केला. शनिवारवाड्यासाठी १८२८ मध्ये कोणी वर्गणी काढली नव्हती. तो धन्याचा होता, आणि धनी गेला होता. १८७९ पर्यंत विश्रामबाग पुष्कळांची झाली होती. ज्यांचे बाप-भाऊ तेथे शिकले, ज्यांनी तेथे परीक्षा दिल्या, त्यांना ते आपले घर वाटत होते. तेव्हा आज आपण रस्त्यावरून पाहतो त्या दर्शनी भागातले किती लाकूड पेशवाईतले आणि किती वर्गणीतले, असा कीस काढणाऱ्यांना मी म्हणतो, वर्गणीतल्या लाकडालाच दोन पैसे मान अधिक द्या.

कॉलेज गेल्यावरही वाड्याला काम होतेच. शाळा भरत असे, सरकारी कचेऱ्या होत्या. पुढे नगरपालिका तेथे आली, १९५० मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि १९५९ च्या सुमारास कारभार नव्या इमारतीत जाईपर्यंत शहराचा गाडा येथूनच हाकला गेला. कचेऱ्यांनी वाड्याचे हाल केले नाहीत असे नाही. चौकात पत्रे ठोकले, महिरपींआड फळ्यांच्या भिंती घातल्या, सुरूच्या खांबाला खिळे मारून त्यांवर फायली टांगल्या. तरीही ज्या छपराखाली कारकून बसतो ते गळले की तो तक्रार करतो. तक्रार झाली की चार कौले बदलतात. रिकाम्या वाड्यात तक्रार करावयास कोणी नसते.

पुण्याचे इतर वाडे याच्या उलट वाटेने गेले, आणि त्याची कारणे पाहण्याजोगी आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, आणि कच्च्या विटांचे, चिखलात बांधलेले वाडे बुडातून विरघळले. तो एका दिवसाचा घाव. दुसरा घाव हळू बसला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या दरावर जखडली. त्या काळी गरीब बिऱ्हाडकरूला संरक्षण हवेच होते. परंतु मालकाच्या हाती दुरुस्तीला पैसा राहिला नाही, आणि बिऱ्हाडकरू म्हणे, घर माझे थोडेच आहे? आपल्या विदर्भातही १९४९ च्या भाडेनियंत्रण हुकुमाखाली हेच झाले. तिसरे कारण सर्वांना ठाऊक आहे, बोलत मात्र कोणी नाही: वाटण्या. चार भावांत वाडा वाटला म्हणजे चौकात भिंत येते. भिंत आली की पाण्याची वाट अडते, पाणी खांबाच्या बुडाशी मुरते, आणि सागवान झाले तरी ओले-कोरडे, ओले-कोरडे असे किती वर्षे सोसणार? मग एके दिवशी जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. कोरीव खांब मुंबईस कोणाच्या दिवाणखान्यात शोभेला जातो, तुळया चिरून त्यांचे पलंग होतात, आणि चारी भावांच्या हाती जे पडते त्यात एकाचेही घर होत नाही.

'वारसा यादी' म्हणून जी म्हणतात तिचा उपयोग किती, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात १९९५ साली मुंबईसाठी असे नियम प्रथम झाले, आणि मग पुणे, नागपूर इत्यादी शहरांत. इमारतींच्या श्रेणी पाडल्या जातात. पहिल्या श्रेणीतल्या इमारतीला आतबाहेर कोठेही परवानगीवाचून हात लावता येत नाही. खालच्या श्रेणींत मोकळीक वाढत जाते. विश्रामबाग पहिल्या श्रेणीत आहे. यादीने एक काम होते: पहारीचा पहिला घाव घालण्यापूर्वी मालकाला विचारावे लागते. पण यादी कौले फेरीत नाही. यादीत नाव असलेले आणि आढे मोडलेले वाडे पुण्यात कितीतरी आहेत. खासगी मालकावर जपणुकीचे ओझे घालावयाचे आणि त्याला दमडीही द्यावयाची नाही, हे न्यायाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घरपट्टीत सूट द्यावी, जाणता कारागीर मिळवून द्यावा, नाही तर सरळ वाडा विकत घ्यावा.

विश्रामबागेचा मालक महापालिका असल्याने तिला हे जमले. या शतकाच्या आरंभी तिने वाड्याच्या जतनाचे काम हाती घेतले. मागाहूनच्या भिंती व ठोकाठोक काढली. मग माडीवर पुण्याचा इतिहास सांगणारे प्रदर्शन मांडले गेले, कारागिरांच्या वस्तूंना जागा दिली गेली, कार्यक्रम झाले. खाली टपाल कचेरी दीर्घकाळ नांदली. बाहेर बाजीराव रस्त्यावर खरेदीची झुंबड, आणि वर तो सज्जा.

आता नेरविषयी दोन शब्द बोलतो आणि थांबतो. आपल्या गावांतल्या वाड्यांसाठी यादी येईल, सरकार येईल, म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी जुना वाडा आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्या. पहिली, घरातल्या वडील माणसास विचारून वाडा किती खणी, चौक किती, कोणती खोली कोणाची होती आणि मोठ्या दुरुस्त्या कधी झाल्या, हे वहीत उतरून ठेवावे. शाळेतला मुलगाही हे काम एका सुटीत करील. दुसरी, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. तो बाहेरून झकास दिसतो, पण आतली ओल आतच कोंडतो, आणि दहा पावसाळ्यांत भिंत पोकळ होते. मातीला माती, नाही तर चुना. खांबाचे बूड कुजले असेल तर अख्खा खांब विकावयास काढू नये. कुजका भाग कापून खाली नव्या सागवानाचा सांधा देणारे सुतार अजून आपल्या जिल्ह्यात सापडतात, शोधावे मात्र लागतात.

तिसरी गोष्ट छपराची. धाबे असेल तर त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर चोपून घ्यावा, पन्हळी मोकळ्या कराव्या. कवेलू असतील तर फुटकी बदलून सारी फेरून घ्यावी. मृग सात जूनला लागतो, आणि कवेलू फेरणारे गडी त्याच्या आधीच्या आठवड्यात कोणालाच मिळत नाहीत. उद्याच बोलून ठेवावे.